आत राहिलेले दोन खिळे

शालनताई,

मंगळवारी क्रेमेटोरियममध्ये आपल्याला एकूण पंचवीस मिनिटं मिळाली होती. त्यातली चार मेघाने मला दिली. तुमचीच मुलगी ती. आग्रह करत नाही, यादीत नाव लिहून मोकळी होते. मी उभा राहिलो आणि तुम्ही संग्रहालयात किती वर्षं काम केलंत, त्यातली किती झाडू-पोछ्यात आणि किती कन्झर्वेशनच्या टेबलावर, मध्य आफ्रिकेतल्या किती लाकडी आकृत्या तुमच्या हाताखालून गेल्या, ते सगळं सांगितलं. एकही आकडा चुकला नाही. लोकांनी माना डोलावल्या. जागेवर येऊन बसलो तेव्हा मृणाल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चांगलं बोललास. पण खिळ्यांचं का नाही सांगितलंस?"

बायको एवढंच म्हणाली, पण मी मँचेस्टरच्या त्या ओल्या पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरू न करता बसून राहिलो. आता मेघाने मंडळाच्या अंकासाठी लिहायला सांगितलं आहे. "काका, आईबद्दल एक पान," म्हणाली. एका पानात मावणार नाही. आणि खरं सांगायचं तर हे आईबद्दल नाही, आईला सांगायचं राहिलेलं आहे.

मी तुमच्याकडे आलो तो घरातून हाकललेला माणूस म्हणून, हे तुम्हाला ठाऊक होतं. आठवड्याचे पाच दिवस मी हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टचे आकडे तपासतो. एका शनिवारी मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना, कधी भरले त्याच्या तारखेची लेबलं लावली. हिंगाच्या डबीलासुद्धा. संध्याकाळी मृणालने संग्रहालयाचं पत्रक माझ्यापुढे टाकलं. त्यांची जुनी कार्डं संगणकावर चढवायची होती आणि प्रत्येक वस्तू कार्डाशी ताडून बघायला स्वयंसेवक हवे होते. "जा," ती म्हणाली, "तिथे मोज काय मोजायचं ते."

तळघरातलं ते गोदाम मला पहिल्या दिवशी ऑफिससारखंच वाटलं. करडी शेल्फं, कोंडलेली हवा, भिंतीवर आर्द्रतेचं यंत्र. कलेक्शनची प्रमुख हेलन. तिने माझी तुमच्याशी ओळख करून दिली आणि म्हणाली, वस्तू कशी धरायची ते ही दाखवेल. तुम्ही माझं आडनाव ऐकलंत, मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि सरळ मराठीत म्हणालात, "अंगठी काढा. घड्याळ काढा. खिशातलं पेन काढा."

मग मला गोदामात न नेता स्टाफरूममध्ये नेलंत. टेबलावर तुमचा जेवणाचा डबा होता.

"हा उचला. झाकण सैल आहे. आत आमटी आहे. सांडली तर मी उपाशी."

मी कडेने धरून उचलला आणि आमटी सांडली.

"बघा. हात धरून कोणाला उचलायचं नसतं. एक हात बुडाखाली, एक पाठीशी. बाळाला आंघोळ घालताना धरतात तसं. घातली आहे का कधी मुलाला आंघोळ?"

"हो, म्हणजे, एकदा-दोनदा."

"किती वेळा ते लिहून ठेवलं असेल ना कुठेतरी?"

त्या दिवसापासून मी मोजणीदार झालो. तुमच्या गावी सरकारी मोजणीदार साखळी घेऊन आला की दोन घरांत वर्षभर भांडण चालायचं, म्हणून हा शब्द तुम्ही कौतुकाने वापरत नव्हतात. हेलनलाही तुम्ही त्याचा अर्थ सांगितलात. ती पुढे मला ईमेलमध्येसुद्धा तसंच लिहायची.

तुम्ही त्या आकृत्यांना पुतळे म्हणत नव्हतात. मूर्तीही नाही, देवही नाही. "ते त्यांचं काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही, उगीच आपलं नाव कशाला चिकटवायचं? माणसं म्हणा." मग आम्ही माणसंच म्हणायचो. आज तीन माणसं झाली. लूबा लोकांची ती बाई, जिच्या डोक्यावर आणि बोटांवर अख्ख्या आसनाचा भार आहे, तिला तुम्ही ब्रशने झाडताना मानेपाशी नेहमी जरा जास्त वेळ थांबायचात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "दुखत असेल हो." मला वाटलं विनोद आहे. तुमच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

पुढे कळलं की तुमच्या घरी सावंतवाडीत लाकडी खेळणी करायचे. वडील आणि भाऊ लाकूड कातायचे. तुम्हाला यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती. बहिणींना आणि तुम्हाला बाहुल्यांचे डोळे रंगवायचं काम. "दिवसाला चाळीस जोड्या," तुम्ही म्हणालात आणि हसलात, "घ्या, तुमच्यासाठी आकडा." लग्न होऊन इंग्लंडला आलात, नवऱ्याची गिरणी बंद पडली, तुम्ही संग्रहालयात फरशा पुसायला लागलात. एक दिवस हेलनच्या आधीच्या बाईंनी तुम्हाला एका काचेच्या पेटीसमोर झाडू टेकून उभं राहिलेलं पाहिलं. काय बघतेस, विचारलं. तुम्ही तुमच्या त्या वेळच्या इंग्रजीत सांगितलंत, "हे लाकूड ओलं असताना कोरलंय." त्या बाईंनी तुमचा झाडू काढून घेतला, हातात मऊ ब्रश दिला. ही गोष्ट मी मंगळवारी सांगितली. लोकांना आवडली.

सांगितली नाही ती डोळ्यांची गोष्ट, कारण तिचा निकाल लागलेला नव्हता. हेंबा लोकांचा तो पूर्वज, दोन्ही हात पोटाशी ठेवून उभा असलेला. त्याचे डोळे मिटलेले आहेत की उघडे? मी म्हणायचो मिटलेले. मी कॅलिपरने मोजलं होतं, दोन पापण्यांच्या मधली खाच दोन मिलिमीटरसुद्धा नाही. तुम्ही म्हणायचात, उघडे आहेत, तो खाली उभ्या असलेल्या लहान मुलाकडे बघतो आहे.

"मिटलेला डोळा आणि खाली बघणारा डोळा, दोन्हींना वरची पापणी वेगळी काढावी लागते. मी लहानपणापासून हेच केलंय."

"पण खाच?"

"खाच काय मोजता? वजन कुठे आहे ते बघा पापणीचं."

पापणीचं वजन कसं बघायचं हे मला अजून कळलेलं नाही. पण तुमच्यामुळे मी बघायला लागलो, एवढं खरं. त्याआधी माझ्या कार्डावर फक्त उंची, रुंदी, खोली आणि "लाकूड" असायचं. त्या "लाकूड" शब्दावरही तुम्ही चिडायचात. "भाजीवाल्याकडे जाऊन भाजी द्या म्हणता का?"

कार्डावरच्या आणखी एका ओळीवर तुमचा राग होता, आणि तो मात्र खरा राग होता. जवळजवळ प्रत्येक कार्डावर लिहिलेलं असायचं: कारागीर अज्ञात. ते वाचलं की तुम्ही मालवणीत जायचात. "अज्ञात खंयचो? तेका आवस-बापूस नाय हुते? विचारूक नाय म्हणान लिवा ना!" एकदा शांतपणे सांगितलंत की वडिलांची बाहुली मुंबईच्या दुकानात पाहिली होती, खाली गावाचं नाव होतं, वडिलांचं नव्हतं. डोळे तुम्ही रंगवलेले होते. ते तुम्ही लगेच ओळखलेत.

म्हणूनच बहुधा तुम्हाला ते दिसलं. दोन वेगळ्या शेल्फांवरची, वेगवेगळ्या वर्षी संग्रहालयात आलेली दोन छोटी माणसं तुम्ही टेबलावर शेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "एकाच हाताची आहेत. आणि तो हात डावा आहे." हेलन हसली. मी मोजलं. हनुवटीखालचे वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव दोन्हींवर एकाच बाजूला उतरत होते. मी दोन्हींवर मिळून सव्वीस घाव मोजले, चोवीस एकाच दिशेचे. तुम्ही स्वतः डावऱ्या. जेवताना डाव्या हातावर फटका बसायचा, रंगवताना मात्र कोणी काही म्हणायचं नाही, असं सांगायचात. हेलनने तज्ज्ञांना बोलावलं. ते तीन तास बसले आणि म्हणाले, शक्य आहे. आज त्या दोन नोंदींत "कारागीर अज्ञात"च्या पुढे लिहिलेलं आहे: दोन्ही एकाच, बहुधा डावऱ्या, हाताची. खाली तुमचं आणि माझं नाव आहे. माझ्या नोकरीत मी हजारो तक्ते केले असतील. त्यांतल्या एकाचाही मला एवढा अभिमान नाही. बघितलं ते तुम्ही, मी फक्त मोजलं. हे मंगळवारी म्हणायला हवं होतं.

आता खिळे.

काँगो नदीच्या मुखाकडचा तो माणूस, सत्त्याण्णव सेंटिमीटर उंच, उजवा हात उगारलेला, पोटावर आरशाचा तुकडा लावलेली पेटी आणि अंगभर लोखंडी खिळे आणि पाती. गोदामातला सगळ्यांत अवघड. हात कुठे लावायचा हेच कळायचं नाही. वरच्या दालनात पहाऱ्यावर उभा राहणारा आपला जोसेफ किन्शासाचा. तो कधी खाली आला तर त्या शेल्फाकडे पाठ करत नसे. त्याने सांगितलं होतं: दोन माणसांत काही ठरलं, तंटा मिटला, शब्द दिला, की एक खिळा मारायचा. मग तो शब्द ह्याच्या अंगात राहतो. मोडणाऱ्याला हा बघून घेतो. "आजोबांकडून एवढंच कळलं," तो म्हणाला, "बाकीचं मिशनच्या शाळेने विसरायला लावलं." तुम्ही लगेच म्हणालात, "आमच्याकडे गाऱ्हाणं असतं, तसंच." आणि पुढची पंधरा मिनिटं स्टाफरूममध्ये तुम्ही त्याला गाऱ्हाणं शिकवलंत. गावचा मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्यांचं म्हणणं मांडतो आणि तो थांबला की बाकीच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. जोसेफला ते फारच आवडलं. त्यानंतर तुम्ही चहा हवा का विचारलंत तरी तो म्हणायचा, व्हय म्हाराजा.

जुन्या रजिस्टरमध्ये, शाईच्या धावत्या अक्षरात, त्या माणसाच्या नोंदीपुढे लिहिलेलं होतं: खिळे व पाती, एकूण एक्याण्णव. आमचा नियम होता की एकाने मोजायचं, दुसऱ्याने स्वतंत्र मोजायचं, मग दोघांनी सह्या करायच्या. मी दोऱ्याने त्याचे आठ भाग पाडले, अंगाला न टेकवता, आणि तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकोणनव्वद.

"तुम्ही मोजा आता," मी म्हणालो.

"मी नाही मोजणार."

"का?"

"ती लोकांची भांडणं आहेत. कोणी कोणाला दिलेले शब्द आहेत. मी कोण मोजणारी? देवळात कौल लावला की कोणी पाकळ्या मोजतं का, मोजणीदार?"

"पण दोन कमी आहेत."

तुम्ही चष्मा वर केलात, त्याच्या खांद्याजवळ तोंड नेलंत, श्वास रोखून पाहिलंत. "कमी नसतील. डोकी गंजून गेली असतील. लोखंड असं लाकडात बसलं की डोकं जातं, दांडा राहतो. आत आहेत ते."

"जे दिसत नाही ते मी लिहू शकत नाही, ताई."

"बाहेर दिसत नाही म्हणजे नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

आणि मग तुम्ही दुसऱ्या मोजणाऱ्याच्या जागी सही केलीत. "तीनदा मोजलंत ना? मग तुमच्यावर विश्वास आहे."

मी काय लिहिलं ते मला पाठ आहे. "मोजले एकोणनव्वद. दोन गहाळ. दुसऱ्या मोजणाऱ्याने स्वतंत्रपणे मोजलेले नाही." तिन्ही वाक्यं मला खरी वाटत होती. तुम्ही दांड्याबद्दल म्हणालात ते मी लिहिलं नाही, कारण ते निरीक्षण नव्हतं, अंदाज होता. हॉस्पिटलमध्ये मी असाच अहवाल लिहितो. घरी येताना ट्राममध्ये मला समाधानसुद्धा वाटत होतं.

सोमवारी हेलनने तो अहवाल वाचला. वस्तूचा भाग गहाळ आणि सही करणाऱ्याने पाहिलेलं नाही, म्हटल्यावर तिच्या हातात काही उरलं नाही. त्या माणसाला शेवटचा हात तुमचाच लागला होता. दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच त्याला झाडलं होतं. चौकशी होईपर्यंत तुम्हाला हाताळणीच्या कामातून बाजूला केलं. निवृत्तीला पाच महिने होते. मला हे शनिवारी कळलं, तेही तुमच्याकडूनच. वर प्रवेशद्वारापाशी कोट ठेवायच्या काउंटरमागे तुम्ही बसलेल्या होतात, हिरवा ब्लेझर घालून.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तुम्ही माझा कोट घेतलात, हँगरला लावलात आणि पितळी बिल्ला पुढे सरकवलात.

"सत्तावीस नंबर. नीट बघून घ्या, मोजणीदार. नंतर म्हणाल मी बदलला."

मागे रांग होती. मी बिल्ला घेऊन तळघरात गेलो.

असं सात शनिवार चाललं. दर वेळी मी वेगळा नंबर घेऊन खाली गेलो आणि तुमच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मोजत राहिलो. मी हेलनला जाऊन सांगू शकलो असतो की ताईंनी मला आधीच सांगितलं होतं, दोन आत आहेत. ते वाक्य अहवालात घालायला मला एक मिनिट लागलं असतं. घरी मृणाल विचारायची, शालनताई काय म्हणतात? मी म्हणायचो, बऱ्या आहेत.

मग हेलनने त्या माणसाला विद्यापीठातल्या एक्स-रे यंत्राखाली पाठवायची सोय केली. फिल्म आली त्या दिवशी तिने तुम्हालाही खाली बोलावलं. उजेडाच्या टेबलावर ती पसरली होती. करड्या लाकडात पांढऱ्या रेघाच रेघा, वेगवेगळ्या दिशांनी आत गेलेल्या. दोन रेघांना डोकं नव्हतं. एक डाव्या खांद्यात, एक पोटावरच्या पेटीच्या वर. मी मोजलं. एक्याण्णव.

मी वाट बघत होतो, आता तुम्ही म्हणाल, "सांगितलं होतं ना?" मी त्यासाठी तयार होतो. त्याला उत्तर देता आलं असतं. तुम्ही फिल्मवर वाकलात, डाव्या हाताच्या बोटाने एका रेघेच्या टोकापर्यंत हवेतूनच गेलात, आणि म्हणालात, "केवढा खोल मारलाय हो. कोणत्या गोष्टीसाठी मारला असेल?"

एवढंच. मी फॉर्मवर दुरुस्ती लिहिली: "एकूण एक्याण्णव. पैकी दोन डोक्यांवाचून, लाकडात." खाली सही केली. तुम्ही ती वाचलीत. "अक्षर चांगलं आहे तुमचं," म्हणालात, आणि ब्लेझर काढून एप्रन बांधलात.

ती दुरुस्ती म्हणजेच माफी, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. तुम्हीही तसंच धरलं असेल, असंही धरून चाललो. अहवालात आकडा दुरुस्त झाला. त्याच अहवालातलं शेवटचं वाक्य मात्र तसंच होतं, आणि ते चूकही नव्हतं. तुम्ही खरंच मोजलं नव्हतंत. पण तुम्ही पाहिलं होतंत. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी हेलनने केक आणला होता. तुम्ही म्हणालात, आधी खाली चला. तोपर्यंत त्या माणसाला दालनात न्यायचं ठरलं होतं, तो पॅकिंगच्या टेबलावर उभा होता. तुम्ही चपला काढल्यात. त्याच्यासमोर उभ्या राहिलात. मी म्हटलं, "ताई, काय करताय?"

"गाऱ्हाणं घालतंय. गावात बाईक कोण घालूक देतलो? हय कोण आसा अडवूक?" आणि जोसेफकडे वळून इंग्रजीत, "तुला ठाऊक आहे काय म्हणायचं."

मग तुमचा आवाज बदलला. मी तो त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"हे बा म्हाराजा! तू खंयचो, मी खंयची. तुका बोटीतसून हाडलो, माका इमानातसून. दोघांकय कोणी इचारल्यान नाय. तरी तू हय उभो रवलंस आणि मी तुझी धूळ काढलंय. काय कमी-जास्त झाला आसात तर सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जोसेफ म्हणाला. हेलनही पुटपुटली.

"तुका घडवणाऱ्याचा नाव आमका ठावक नाय. तुका आसात. ता तू इसरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो मोजणीदार. ह्येका मोजल्याशिवाय चैन पडणा नाय. माणूस खरो आसा. ह्येच्या हातान काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल. तू मनात ठेवू नको. मी पण ठेवूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जोसेफ म्हणाला, आणि त्याच्याबरोबर मीसुद्धा म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मला वाटलं, तेवढ्यात भागलं. मग केक कापला. तेरा तुकडे झाले.

तुम्ही माझ्यासमोर, माझ्या नावाने, सगळं मिटवून टाकलंत. त्यानंतर दोन शब्द माझे हवे होते. त्या दिवशी नाही तर नंतर. तुम्ही निवृत्त झाल्यावर आम्ही दर महिन्याला तुमच्याकडे जेवायला येत होतो. तुमच्या हातची ती तांबडी सोलकढी, मेघाची मुलं, त्यांना तुम्ही बटाट्यावर चेहरे कोरून द्यायचात आणि डोळे शेवटी रंगवायचात. मी सगळ्यावर बोललो. हॉस्पिटलच्या वॉर्डातसुद्धा, तीन आठवड्यांपूर्वी. तुमच्या नाकाला नळी होती आणि तुम्ही मला म्हणत होतात, "त्या हेंबाला सकाळच्या उजेडात बघा एकदा. दुपारचं बघून काही कळत नाही."

"बघतो. पण खाच दोन मिलिमीटर..."

"गप बसा. सकाळी बघा."

ते आपलं शेवटचं बोलणं. माझ्या मनात तेव्हा ती गोष्ट होती. अगदी ओठांवर नव्हती, पण होती. नर्स आली, तिने पडदा ओढला. मी म्हणालो, पुढच्या शनिवारी येतो.

काल शनिवार होता. मी दालन उघडताना, दहा वाजता, जाऊन उभा राहिलो. जोसेफ दारात होता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. आधी हेंबाकडे गेलो, आता तोही वरच असतो. वरच्या काचांतून तिरपा उजेड येत होता. ताई, मी दोन पावलं मागे गेलो, मग गुडघ्यावर बसलो, एखाद्या लहान मुलाच्या उंचीवर. मला वाटतं तुमचं बरोबर आहे. मला वाटतं तो बघतो आहे. मोजमाप तेच आहे, मी बदलणार नाही. पण नोंदीत एक ओळ घाला म्हणून हेलनला सांगणार आहे, आणि ती ओळ तुमच्या नावाने.

मग खिळेवाल्या माणसासमोर गेलो. दालनात दुसरं कोणी नव्हतं. आमच्या घरात देवापुढे मोठ्याने बोलायची पद्धत नाही, आणि मला मालवणी येत नाही. बूट मात्र काढले. जोसेफ बघत होता. काचेला हात न लावता उभा राहिलो आणि जसं येतं तसं म्हणालो.

"महाराजा, मी एकोणनव्वद मोजले. शालनताईंनी सांगितलं होतं, दोन आत आहेत. मी ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्यांना सात आठवडे लोकांचे कोट टांगत बसावं लागलं नसतं. त्यांनी मला बोल लावला नाही, म्हणून मीही काही बोललो नाही. माझं चुकलं. हे त्यांना सांगायचं होतं. त्या असताना सांगायचं होतं."

पुढे काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून थांबलो.

मागून दाराकडून, त्याच्या त्या जड आवाजात, सावकाश उत्तर आलं, "व्हय म्हाराजा."

जोसेफला मराठीचा एक शब्द कळत नाही. पण माणूस कुठे थांबला की मागच्याने काय म्हणायचं, ते तुम्ही त्याला शिकवलं होतंत.